झिपिट आणि कुलपाआडचे लिनक्स

२००४ साली अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरात संगणक बहुधा एकच असे. संध्याकाळी मुले शाळेतून आली की त्यांनी त्याचा ताबा घेतलाच म्हणून समजा, मग आईबापांना साधी ईमेलही बघायला मिळत नसे. मुले त्यावर करत काय, तर गप्पा. एआयएम, याहू आणि एमएसएन या तीन मेसेंजरांवर अख्खी शाळा रात्री पुन्हा भरायची. मोबाइलवरून एसएमएस पाठवावा तर तिथे दर संदेशाला दहा सेंटांच्या आसपास पैसे पडत, आणि पाठवणाऱ्याइतकाच भुर्दंड घेणाऱ्यालाही बसे. मेसेंजर मात्र फुकट होता. त्याला फक्त तो एकुलता एक संगणक लागे.

या घरगुती भांडणात फ्लोरिडातल्या मेलबर्नच्या एरोनिक्स या कंपनीला धंदा दिसला. तिने तळहातावर मावेल अशी एक डबी बाजारात आणली आणि तिचे नाव ठेवले झिपिट वायरलेस मेसेंजर. झाकण उघडले की वर ३२० बाय २४० ठिपक्यांचा राखाडी पडदा आणि खाली बोटांच्या टोकांनी दाबायचा बारका कीबोर्ड. फोन नाही, वेब ब्राउझर नाही, कॅमेरा नाही. घरच्या वायफायला जोडायचे आणि गप्पा मारायच्या, एवढेच तिचे काम. किंमत होती ९९ डॉलर आणि महिन्याचे बिल शून्य. आईबापांना संगणक परत मिळाला, मुलांना पलंगावर लोळत गप्पा मारता येऊ लागल्या. कल्पना म्हणून ती फार नेटकी होती असे मला आजही वाटते. एकच काम करणारे यंत्र बनवायलाही एक धाडस लागते.

या डबीचे झाकण आणखी एका अर्थाने उघडणारी माणसे लवकरच आली. त्यांना गप्पांशी काही देणेघेणे नव्हते. नव्याण्णव डॉलरमध्ये पडदा, कीबोर्ड, बॅटरी आणि वायफाय असलेला खिशातला संगणक मिळतोय, हे त्यांच्या लक्षात आले होते. आत सायरस लॉजिक कंपनीची एआरएम जातीची ९० मेगाहर्ट्झची चिप होती, १६ एमबी रॅम होती आणि कायमच्या साठवणुकीसाठी अवघी २ एमबी फ्लॅश मेमरी होती. म्हणजे दीड फ्लॉपीएवढी जागा. आणि त्या जागेत दाटीवाटीने बसलेली कार्यप्रणाली होती लिनक्स, २.४ मालिकेतली.

या प्रकरणाला सगळे ‘झिपिटवर लिनक्स टाकणे’ म्हणत, पण लिनक्स आत पहिल्या दिवसापासून होतेच. मालकाला ते दिसत नव्हते. तो बटण दाबी, त्याला मित्रांची यादी दिसे, आणि त्या यादीच्या मागे काय चालले आहे याचा पत्ता त्याला लागू नये अशी सगळी व्यवस्था होती. वाडा आपल्या नावावर, पण तळघराची किल्ली दिवाणजींकडे, असा तो मामला.

कंपनीने लिनक्स का निवडले हे समजायला फार डोके चालवावे लागत नाही. छोट्या कंपनीला नव्याण्णव डॉलरच्या यंत्रात दर नगामागे परवान्याचे पैसे मोजणे परवडत नाही. लिनक्स फुकट होते, एआरएमवर चालत होते, वायफाय आणि इंटरनेट जोडणीचे कोड त्यात तयार होते. मात्र या फुकटाला एक अट होती. लिनक्सचा परवाना म्हणजे १९९१ सालची जीपीएलची दुसरी आवृत्ती. लिनक्स घातलेले यंत्र विकाल तर ज्याला विकले त्याला त्या लिनक्सचा सोर्स कोड मागताक्षणी द्या, असे तो सांगतो. ही अट कागदावरच राहील असे अनेक कंपन्यांना वाटत असे. २००३ मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स सापडले, लोक हात धुवून मागे लागले आणि कंपनीला सोर्स खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. जर्मनीत हाराल्ड वेल्टे याने तर अट मोडणाऱ्या कंपन्यांना कोर्टात खेचण्याचा सपाटाच लावला. झिपिट जन्मले ते या वाऱ्यात.

पण सोर्स मिळणे आणि यंत्र आपल्या हाती येणे यांत मोठे अंतर आहे. दुसरी जीपीएल म्हणते, कोड द्या. तो बदललेला कोड त्याच यंत्रात परत घालू द्या असे ती स्पष्टपणे म्हणत नाही. टिवो नावाच्या टीव्ही रेकॉर्डरने हीच फट वापरली होती. सोर्स दिला, पण कंपनीची सही नसलेला कोड यंत्र चालवत नसे. ही फट बुजवायला जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी जून २००७ मध्ये तिसरी जीपीएल आणली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती लिनक्सला लावायला नकार दिला, कारण यंत्र कसे बनवावे हे सॉफ्टवेअरच्या परवान्याने सांगू नये असे त्यांचे मत. या वादात मी स्टॉलमन यांच्या बाजूचा आहे. पण झिपिटच्या बाबतीत हा वाद निकालात काढला तो वकिलांनी नव्हे, सोल्डरिंग आयर्नने.

पहिला रस्ता पेचकसाचा होता. डबी उघडून सर्किट बोर्डावरच्या सीरियल पोर्टच्या जागा शोधायच्या आणि त्यांवर केसाएवढ्या तारा डकवायच्या. बोर्डाचे संकेत तीन व्होल्टच्या आसपासचे, संगणकाच्या जुन्या सीरियल पोर्टचे त्याच्या कितीतरी पट. सरळ जोडले तर चिप जळणार. म्हणून मध्ये पातळी बदलणारी एक छोटी चिप लावायची. हे सगळे नीट जमले की संगणकाच्या पडद्यावर झिपिटच्या कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, स्वगत उमटू लागे: रॅम किती सापडली, फ्लॅश कुठे आहे, वायफाय कार्ड कोणते. विकत घेतलेली वस्तू पहिल्यांदाच मालकाशी बोलत होती.

दुसरा रस्ता डोक्याचा होता, आणि मला तोच अधिक आवडतो. झिपिट आपले नवे सॉफ्टवेअर वायफायवरूनच उतरवून घेई. कंपनीच्या सर्व्हरचे नाव त्याला पाठ होते, पण समोरचा खरोखर तोच आहे का हे पडताळून पाहायची शिस्त नव्हती. मग घरच्या नेटवर्कवर ते नाव आपल्याच संगणकाकडे वळवायचे आणि कंपनीच्या फाइलच्या जागी आपली फाइल वाढून ठेवायची. यंत्र बिनतक्रार ती गिळून घेई आणि फ्लॅशवर लिहून टाके. पेचकस नको, तारा नकोत. फक्त लिहिणे चालू असताना बॅटरी संपली किंवा वायफाय रुसले तर डबीची वीट व्हायची. या मंडळींच्या बोलीत बंद पडलेल्या यंत्राला वीटच म्हणतात. मग जेटॅग या चिपच्या चाचणीसाठीच्या जोडणीच्या तारा लावून चिपमध्ये अक्षरशः एकेक बिट ढकलत बसावे लागे.

आत शिरल्यावर खरी अडचण जागेची. दोन एमबीत कर्नल आणि जुजबी साधने बसत, बाकीचे ठेवायचे कुठे? कार्डाची खाच तर नव्हती. त्यावर काढलेला तोडगा म्हणजे एनएफएस: सगळी फाइलव्यवस्था घरच्या संगणकावर ठेवायची आणि झिपिटने ती वायफायवरून आपलीच समजून वापरायची. एकदम डबीत गिगाबाइटची जागा आली, शेकडो प्रोग्रॅम आले. ही युक्ती अंगणापर्यंत चाले. फाटकाबाहेर पडले, वायफाय तुटले, की यंत्राची स्मृती गेली. खिशातला संगणक खिशात घालून घराबाहेर नेता येत नाही, हा विनोद त्या लोकांनाही कळत होता. तरी त्यावर गाणी वाजवली गेली. चिपमध्ये अपूर्णांकांचे गणित करणारा भाग नव्हता, म्हणून पूर्णांकांवरच एमपी३ उलगडणारे लिबमॅडसारखे कोड अशा ठिकाणी कामी येत. आणि दूरच्या सर्व्हरशी बोलायला खिडकी म्हणून एसएसएच. पलंगावर लोळत गप्पा मारण्यासाठी बनवलेल्या यंत्रावरून पलंगावर लोळत सर्व्हर सांभाळले जाऊ लागले.

इथे आपल्या घरची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. २००१ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि त्याच शहरातल्या अभियंत्यांनी सिम्प्युटर लोकांपुढे ठेवला. तोही हातात मावणारा, एआरएमवर चालणारा, आत लिनक्सच. फरक असा की तो उघडा ठेवण्याच्या हेतूनेच घडवला होता. भारतीय भाषा बोलून दाखवणे, शेतकऱ्याला उपयोगी पडणे, एक यंत्र सगळ्या गावाने वापरणे अशी त्याची स्वप्ने. २००४ मध्ये, झिपिट निघाले त्याच वर्षी, तो अमिडा या नावाने दुकानात आला आणि फारसा खपला नाही. एकीकडे सगळे खुले ठेवूनही गिऱ्हाईक नाही, दुसरीकडे गिऱ्हाईक कुलूप फोडून आत येते आहे. दैव, दुसरे काय!

२००७ च्या अखेरीस झिपिटची दुसरी पिढी आली, झेड२. पडदा रंगीत झाला. आत पीएक्सए२७० ही चिप आली, ३१२ मेगाहर्ट्झची. ही एक्सस्केल घराण्यातली. इंटेलने तिला जन्म दिला आणि २००६ मध्ये पीएक्सए चिपांचा धंदा साठ कोटी डॉलरला मार्व्हेलला विकून टाकला. रॅम ३२ एमबी, फ्लॅश ८ एमबी, आणि या कथेच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मिनीएसडी कार्डाची खाच. कंपनीने ती मुलांनी फोटो बघावेत, गाणी ऐकावीत म्हणून दिली होती.

पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये आयफोन आला होता. फक्त गप्पा मारणाऱ्या डबीचे दिवस भरत आले होते. दुकानदारांनी पडून राहिलेला माल मूळ दीडशे डॉलरच्या मानाने फुंकून टाकल्यासारखा विकायला काढला. कंपनीचे नुकसान ते या छंदिष्टांचे सुगीचे दिवस. एकेकाने दोन-दोन, तीन-तीन घेऊन ठेवले. एक वापरायला, एक वीट होण्यासाठी.

झेड२ वर लिनक्स बसवणे म्हणजे तीन मजले बदलणे. तळाशी बूटलोडर. वीज आली की पहिल्यांदा जागा होतो तो हा, आणि कर्नल कुठून उचलायचा ते ठरवतो. कंपनीचा बूटलोडर फ्लॅशपलीकडे पाहत नसे, म्हणून त्या जागी यू-बूट बसवायचा, ज्याला कार्ड वाचता येते. हा मजला बदलताना हात थरथरले तर विटेचीच खात्री. मधला मजला कर्नलचा. तो ३२ एमबीच्या यंत्रावर बांधत बसण्यात अर्थ नाही, म्हणून घरच्या पीसीवर एआरएमसाठीचा क्रॉस कंपायलर उभा करायचा आणि तिथे कर्नल घडवायचा. वरचा मजला कार्डावर. एक्स्ट२ पद्धतीने आखलेला भाग, त्यात डेबियन किंवा अँगस्ट्रॉम यांपैकी एखादे तयार लिनक्स वितरण, आणि रॅम अपुरी पडते म्हणून शेजारी स्वॅपचा तुकडा. फेब्रुवारी २००९ मध्ये डेबियनच्या पाचव्या आवृत्तीत आर्मेल ही एआरएमची नवी शाखा आली आणि हजारो तयार पॅकेजे या डबीपुढे हात जोडून उभी राहिली. ज्यांना एवढा पसारा नको त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी होतेच. राउटरमधून निघालेली ती प्रणाली फिरून एका मेसेंजरमध्ये येऊन बसली.

सगळ्यात जास्त दमवले ते वायफायने. झेड२ मधली मार्व्हेलची ८६८६ ही चिप एसपीआय नावाच्या अरुंद तारेवर बसवलेली होती. तिच्यासाठीचा ड्रायव्हर लिबर्टास. हा ड्रायव्हर मुळात निकोलस निग्रोपाँटे यांच्या ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेतल्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपसाठी लिहिला गेला. त्या लॅपटॉपची भारतातली पहिली शाळा रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावची, साल २००७. म्हणजे खैरातच्या पोरांचे लॅपटॉप आणि अमेरिकन किशोरांची ही डबी, दोघेही हवेतून बोलायला एकाच ड्रायव्हरच्या दोन भावंडांचा आधार घेत होते. एक भावंड यूएसबीवरचे, दुसरे एसपीआयवरचे. मुक्त सॉफ्टवेअरच्या गावकीत सोयरिकी अशा कुठून कुठे निघतात. त्यातही एक खडा होताच: चिपमध्ये घालायची फर्मवेअर फाइल बंदिस्त होती. सगळा वाडा मोकळा झाला तरी एका कोनाड्याची किल्ली मार्व्हेलकडेच राहिली.

मराठी वाचक म्हणून मला दुसरीच उत्सुकता. या पडद्यावर मराठी दिसले असते का? लिनक्सच्या साध्या काळ्या कन्सोलवर तर नाही. त्या कन्सोलला एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती ठेवता येतात, आणि जोडाक्षरे जुळवणे, ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी नेऊन बसवणे त्याच्या गावीही नाही. देवनागरी हवी तर खिडक्या दाखवणारी एक्स प्रणाली, अक्षरे जुळवणारे पँगो आणि फाँट हा सारा संसार मांडावा लागतो. फाँट मात्र तयार होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकमध्ये घडलेले आणि रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएलखाली मोकळे केलेले लोहित फाँट कुठल्याही डेबियनमध्ये एका आज्ञेने येतात. ३२ एमबीत ते सारे बसते, पण मग दुसरे काही बसत नाही.

छंदिष्टांचे काम बहुधा घरच्या घरीच राहते. प्रत्येकाचा कर्नल वेगळा, त्याला मारलेली ठिगळे वेगळी, आणि मूळ लिनक्स पुढे गेले की सगळी ठिगळे उसवतात. झिपिटचे नशीब असे की मारेक वाशुत या चेक कर्नलकर्त्याने हे काम गोळा केले आणि २००९ च्या सुमारास मूळ कर्नलमध्ये पोहोचवले. एआरएमच्या पीएक्सए विभागात झेड२.सी नावाची फाइल आली. पडद्याचा ड्रायव्हर आला, आवाजाचा आला, बॅटरीतली वीज मोजणाराही आला. ही वीज ज्या चिपकडून मोजून घ्यायची तिचे नाव कोडमध्ये एईआर९१५ असे आहे. त्या ‘एईआर’मध्ये मला तरी एरोनिक्सचेच नाव दिसते. आता जगात कुठेही कर्नल उतरवून घेतला की त्यात ही दीडशे डॉलरची, बाजाराने टाकलेली डबी असणारच होती. कुलूप फोडून आत शिरलेल्या माणसांच्या कामावर टोरवाल्ड्स यांच्या झाडाचा, म्हणजे मूळ लिनक्सच्या सोर्सचा, शिक्का बसला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात मोठी गोष्ट वाटते ती ही.

कंपनीने नंतर हात दुसरीकडे वळवले. झिपिटचा कारभार आता दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलच्या झिपिट वायरलेस या कंपनीकडे होता, आणि ती पुढे चर्चेत आली ती वायफायवरून संदेश पाठवण्याच्या आपल्या पेटंटांमुळे. ॲपलशी तिचा तंटा लागला, आणि ॲपलने कॅलिफोर्नियात लावलेला दावा तिथे चालावा की नाही यावर अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २०२२ मध्ये निकाल दिला. तो ॲपलच्या बाजूने गेला. दुकानातून केव्हाच नाहीशी झालेली डबी कोर्टाच्या कागदांत मात्र टिकली.

ज्यांच्यासाठी ती जन्मली ते मेसेंजरही एकेक करत गेले. एमएसएन २०१३ मध्ये स्काइपमध्ये विलीन होऊन संपला. एआयएम १५ डिसेंबर २०१७ ला बंद झाला, याहू १७ जुलै २०१८ ला. ज्या मुलांनी झिपिटला कधी पेचकस लावला नाही त्यांच्या डबीचे मूळ काम या मेसेंजरांबरोबर सरले. ज्यांनी लावला, त्यांच्याकडे एक छोटा लिनक्स संगणक शिल्लक राहिला. २०१८ नंतरही एसएसएच चालतच होते.

पण टोरवाल्ड्स यांच्या झाडावरची जागा कायमची नसते. एआरएमच्या प्रत्येक यंत्रासाठी वेगळी फाइल, असा पसारा इतका माजला की मार्च २०११ मध्ये टोरवाल्ड्स त्यावर जाहीरपणे भडकले. मग यंत्राचे वर्णन कोडमधून काढून डिव्हाइस ट्री या तक्त्यात लिहायची पद्धत रुजवली गेली. ज्या यंत्रांना कोणी वाली होता त्यांची वर्णने तक्त्यात गेली. झेड२.सी तशीच राहिली. नव्या कर्नलवर ही डबी चालवून पाहणारे, काही बिघडले तर ओरडणारे कोणी उरले नव्हते. २०२२ मध्ये कर्नलमधला एआरएमचा कोड सांभाळणारे आर्न्ड बर्गमन यांनी अशा बेवारस फाइलींवर ‘वापरात नाही’ अशी खूण केली. कोणाची हरकत असेल तर कळवा, असे सांगून वाट पाहिली. काहींनी आपापली यंत्रे वाचवलीही. झेड२ साठी ते घडले नाही.

मला यात बर्गमन यांचा दोष दिसत नाही. कोड फुकट असतो, तो सांभाळणाऱ्याचा वेळ फुकट नसतो. न वापरलेल्या खोल्या झाडत बसायचे तर वापरातल्या खोल्यांची गळती कोणी काढायची? एप्रिल २०२३ मध्ये लिनक्स ६.३ बाहेर पडले तेव्हा त्यात पीएक्सएच्या इतर अनेक यंत्रांबरोबर झिपिट नव्हते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने आर्मेल शाखेचाही शेवटचा मुक्काम जाहीर केला.

जुने कर्नल मात्र कोणी पुसत नाही. ६.२ किंवा त्याआधीचा कुठलाही सोर्स आजही उतरवून घेता येतो, आणि त्यात पीएक्सएच्या फोल्डरमध्ये झेड२.सी जागच्या जागी आहे. कोणाच्या कपाटात ती डबी पडली असेल, तर आधी बॅटरी फुगली नाही ना ते बघा.